कंपनीचं क्लाउड खातं हॅक झालं. मग आपल्या कागदपत्रांचं काय?

उमराहला जायचं ठरलं की घरात पहिली धावपळ कागदांची. पासपोर्टची पानं, आधार, पॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, लहान मुलांचे जन्मदाखले. घरातला कॉलेजला जाणारा मुलगा या सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढतो आणि टूरवाल्याच्या ऑफिसला व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. तिकडून 'मिळाले' असा निरोप आला की आपण निश्चिंत. ते कागद पुढे कुठे जातात हे कुणी विचारत नाही. पूर्वी ते ऑफिसच्या लोखंडी कपाटात जायचे. आता ते त्या ऑफिसच्या क्लाउड खात्यात जातात, म्हणजे ॲमेझॉन, गुगल किंवा मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या जागेत. कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात असायची. या नव्या कपाटाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे पुष्कळदा मालकालाही सांगता येत नाही.

टूरवाल्यांचंच नाव कशाला घ्यायचं? पतसंस्था, दवाखाने, शाळा, वधू-वर सूचक केंद्रं, घरातून ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या आपल्या मुली, सगळ्यांकडे आज दुसऱ्यांची माहिती अमानत म्हणून पडून आहे. डेटा लीकची बातमी येते तेव्हा चर्चा आकड्यांची होते, इतके लाख, इतके कोटी. दोन दिवसांनी सगळे विसरतात. आम्हाला मात्र आकड्यापेक्षा एक वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. खात्यात परका माणूस शिरला आहे हे कळल्यावर कंपनीने पुढच्या काही तासांत नेमकं काय केलं? नुकसान किती होणार हे बरंचसं तिथे ठरतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण जुनं आहे, पण आजही लागू पडतं. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. सॉफ्टवेअर बनवणारे लोक आपलं काम, म्हणजे लिहिलेला कोड, तिच्याकडे ठेवायचे. तिचा सगळा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालायचा. १७ जून २०१४ रोजी तिच्या वेबसाइटवर खोट्या मागण्यांचा भडिमार सुरू झाला. असे हल्ले कंपनीला नवीन नव्हते, त्यामुळे सुरुवातीला कुणी फार घाबरलं नाही. मग लक्षात आलं की ॲमेझॉनच्या ज्या पॅनेलवरून सगळी यंत्रं चालू-बंद करता येतात त्या पॅनेलमध्येच कुणीतरी शिरलंय. त्याने तिथे निरोप ठेवला होता: या ईमेलवर संपर्क करा. संपर्क केला तर मोठी खंडणी मागितली.

आता कंपनीने काय केलं? तुम्ही-आम्ही जे केलं असतं तेच. पासवर्ड बदलायला घेतले. पण घुसखोराने आधीच स्वतःसाठी आणखी काही लॉगिन बनवून ठेवले होते. पुढच्या दाराचं कुलूप बदललं तेव्हा तो मागच्या खोलीतच बसलेला होता. कंपनी आपल्याला हाकलू पाहतेय हे दिसताच त्याने हाताला येईल ते पुसायला सुरुवात केली. कंपनीला पॅनेलचा ताबा परत मिळाला, पण तोवर साठवलेला बहुतेक डेटा, यंत्रांची मांडणी आणि बॅकअप यांतलं बरंच काही अर्धवट किंवा पूर्ण पुसलं गेलं होतं. हे सगळं बारा तासांत झालं. ग्राहकांचे पैसे परत करणं आणि सगळं पुन्हा उभारणं झेपणार नाही, असं जाहीर करून कंपनीने धंदा बंद केला.

यात दोन गफलती आहेत. पहिली बॅकअपची. कंपनी ग्राहकांना सांगायची की तुमच्या डेटाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी सुरक्षित आहेत. त्या प्रती होत्याही. पण त्या पुसण्याची सत्ता त्याच पॅनेलमधून मिळत होती. दागिन्यांचा डबा एका कपाटात आणि दुसरा डबा दुसऱ्या कपाटात, पण दोन्ही कपाटांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात, असा तो प्रकार. दुसरी गफलत क्रमाची. घुसखोराकडे एकूण किती दारं आहेत हे मोजण्याआधीच एक दार लावलं गेलं. जाणकार म्हणूनच सांगतात की आधी यादी करा: खात्यात कोणकोणते वापरकर्ते आहेत, कुणाला काय अधिकार आहेत, गेल्या काही दिवसांत नवं काय बनलं, कोणत्या प्रोग्रामला किल्ली दिलेली आहे. मग सगळं एकदम बंद करा. हे बोलणं सोपं आहे, समोर डेटा पुसला जाताना करणं कठीण. म्हणून ही यादी शांत दिवसातच करून ठेवावी लागते.

क्लाउडची 'किल्ली' हा शब्द आम्ही वारंवार वापरतोय, तेव्हा तो नीट सांगायला हवा. माणूस पासवर्डने आत जातो. पण एखादा प्रोग्राम रात्री आपोआप क्लाउडमध्ये डेटा ठेवतो तेव्हा त्याला अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ दिलेली असते. ती ओळ ज्याच्या हाती लागेल तो आत जाऊ शकतो. माणसाचा पासवर्ड बदलला तरी ही ओळ चालूच राहते. आणि घाईगडबडीत प्रोग्राम लिहिणारे ही ओळ कोडमध्येच लिहून ठेवतात.

उबरचं प्रकरण याच ओळीपासून सुरू झालं. प्रोग्राम लिहिणारे आपला कोड गिटहब नावाच्या ठिकाणी ठेवतात. (गिटहब हे नाव आपल्या घरांत वेगळ्याच कारणाने पोहोचलं. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचा खोटा 'लिलाव' मांडणारी दोन ॲप्स तिथेच ठेवलेली होती. त्यांची नावं पुन्हा लिहावीशी वाटत नाहीत. त्यासाठी कुणाचं खातं हॅक करावं लागलं नव्हतं, सोशल मीडियावरचे फोटोच उचलले होते. पण फोटो आणि नाव परक्या हाती पडलं की काय होऊ शकतं, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.) तर, २०१६ च्या शेवटी दोन तरुणांनी उबरच्या इंजिनिअरांचे दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून कंपनीचा गिटहबवरचा खासगी कोड उघडला. त्यात ॲमेझॉन क्लाउडची किल्ली लिहिलेली होती. ती वापरून त्यांनी जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती उतरवून घेतली. त्यात अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख चालकांचे लायसन्स नंबरही होते. मग उबरला ईमेल करून पैसे मागितले.

इथवर ही चोरी होती. पुढे जे झालं ते चोरीपेक्षा वाईट. त्या वेळी अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन हा विभाग उबरची चौकशी करत होता, आणि तीही २०१४ मधल्या अशाच एका प्रकरणाची. तेव्हाही किल्ली गिटहबवरच सापडली होती. उबरचे सुरक्षा प्रमुख जो सुलिव्हन यांनी त्या चौकशीत शपथेवर जबाब दिला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी त्यांना नव्या चोरीची खबर मिळाली. ती त्यांनी चौकशी करणाऱ्यांना सांगितली नाही. चुका शोधून देणाऱ्यांना कंपन्या बक्षीस देतात, त्या योजनेतून चोरांना बिटकॉइनमध्ये १ लाख डॉलर दिले गेले. आणि त्यांच्याकडून एका करारावर सही घेतली, ज्यात लिहिलं होतं की त्यांनी कोणताही डेटा घेतलेला नाही. कागदावर चोरी झालीच नव्हती!

एक वर्ष ही बाब दबून राहिली. कंपनीत नवे प्रमुख दारा खोस्रोशाही आले आणि २१ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांनी ती जाहीर केली. २०१८ मध्ये उबरने अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांशी तडजोड करून १४ कोटी ८० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्युरीने सुलिव्हन यांना दोषी ठरवलं: सरकारी चौकशीत अडथळा आणला आणि गुन्हा माहीत असून लपवला. मे २०२३ मध्ये त्यांना तीन वर्षांचं प्रोबेशन आणि ५० हजार डॉलर दंड झाला. तुरुंगवास टळला, पण हॅकिंगचा शिकार झालेल्या कंपनीचा अधिकारीच गुन्हेगार ठरला. सुलिव्हन हे काही अडाणी नव्हते. कंपन्यांत येण्याआधी ते सायबर गुन्ह्यांचे खटले चालवणारे सरकारी वकील होते.

लपवालपवीचा फटका फक्त कंपनीला बसला असंही नाही. त्याच दोघांनी त्याच सुमारास लिंक्डइनच्या मालकीच्या लिंडा या ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपनीचाही डेटा चोरून पैसे मागितले. आणि ५ कोटी ७० लाख लोकांना वर्षभर माहीतच नव्हतं की आपला ईमेल, आपला मोबाईल नंबर कुणाच्या तरी हाती गेलाय. त्यांना कुणी फसवायचा प्रयत्न केला असता, तर त्यांनी सावध कशाच्या जोरावर व्हायचं?

याच्या उलट वागणारी कंपनीही पाहिली पाहिजे. कॅपिटल वन ही अमेरिकेतली मोठी बँक. मार्च २०१९ मध्ये तिच्या ॲमेझॉन क्लाउडमधून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. कारण काय, तर सुरक्षेसाठी लावलेल्या फायरवॉलचीच मांडणी चुकलेली होती. बँकेला चार महिने पत्ताही नव्हता. १७ जुलै २०१९ रोजी बाहेरच्या एका व्यक्तीने ईमेल करून कळवलं की तुमचा डेटा उघड्यावर दिसतोय. असे इशारे घेण्यासाठी बँकेने ईमेलचा एक पत्ता जाहीर केलेला होता, तो कुणीतरी वाचत होतं, हे विशेष. १९ जुलैला खात्री झाली. बँकेने पोलिसी यंत्रणेला कळवलं आणि २९ जुलैला संशयिताला अटक झाली. त्याच दिवशी बँकेने सगळं जाहीर केलं. इशाऱ्यापासून जाहीर होईपर्यंत बारा दिवस.

म्हणून बँक सुटली का? नाही. २०२० मध्ये तिला ८ कोटी डॉलर दंड झाला आणि पुढे ग्राहकांच्या दाव्यात १९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. प्रामाणिकपणे सांगितल्याने आधीची चूक माफ होत नाही, आणि होऊही नये. पण तिथे कुणाला वर्षभर अंधारात ठेवलं गेलं नाही आणि कुणा अधिकाऱ्यावर गुन्हा लपवल्याचा खटला भरला गेला नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. सायबर घटनांसाठीची सरकारी संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. डेटा चोरी किंवा खात्यात शिरकाव झाल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या. सहा तासांवर तेव्हा खूप ओरड झाली. आमच्या मते खरी अडचण १८० दिवसांत आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडवर कुणी काय केलं याची नोंद काही न करताही दिसते, पण फक्त शेवटच्या ९० दिवसांची. त्याहून जुनी नोंद हवी तर ती साठवण्याची सोय आधीच चालू करावी लागते. छोट्या ऑफिसात हे कोण करतं? कॅपिटल वनला चार महिन्यांनी कळलं, हे लक्षात घ्या. चोर चार महिन्यांपूर्वी आला असेल आणि नोंद तीन महिन्यांचीच असेल, तर काय चोरीला गेलं हे मालक कुणाला सांगणार?

दुसरा कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. यातली एक गोष्ट चांगली आहे. माहिती फुटली तर कंपनीने डेटा संरक्षण मंडळाला तर कळवायचंच, पण ज्याची माहिती फुटली त्या प्रत्येक माणसालाही विनाविलंब कळवायचं: काय झालं, परिणाम काय होऊ शकतो, आम्ही काय केलं, तुम्ही काय करा. न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. पुरेशी सुरक्षा ठेवली नसेल तर २५० कोटींपर्यंत.

पण हा दंड जातो कुठे? सरकारच्या तिजोरीत. ज्याचा पासपोर्ट फुटला त्याला यातला एक रुपयाही मिळत नाही. शिवाय आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्यासाठी ४३-अ हे कलम होतं. ते काढून टाकण्याची तरतूद या नव्या कायद्यात आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर सामान्य माणसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि सरकारला सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देता येते. दाखल्यांपासून शिष्यवृत्तीपर्यंत आपल्या कुटुंबांची सर्वाधिक माहिती सरकारी दफ्तरातच असते. तेव्हा कायदा आला म्हणून हुरळून जाण्यासारखं काही नाही. कळण्याचा हक्क मिळाला, तेवढा पदरात पाडून घ्यायचा.

आता आपल्या ओळखीच्या छोट्या ऑफिसांबद्दल. तिथली गोष्ट बहुतेकदा अशी असते की खातं मालकाच्या भाच्याने उघडून दिलं. तो आता दुबईला आहे. पासवर्ड त्याला माहीत, रिसेप्शनवरच्या मुलीला माहीत, दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या पोरालाही माहीत. पासवर्ड विसरला तर नवा मागवण्यासाठी दिलेला मोबाईल नंबर बंद पडलाय. अशा ठिकाणी घुसखोर शिरला तर मालक स्वतःच खात्याबाहेर राहतो. म्हणून आजच करण्यासारखं पहिलं काम म्हणजे मुख्य खातं मालकाच्या नावावर आणि चालू नंबरवर आणणं, पासवर्डशिवाय मोबाईलवरचा कोडही लागेल अशी सोय करणं आणि सोडून गेलेल्यांची नावं काढणं. दुसरं, बॅकअपची एक प्रत अशा ठिकाणी ठेवणं जिथे या खात्याच्या पासवर्डने पोहोचता येत नाही. महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवली तरी कोड स्पेसेससारखी वेळ टळू शकते.

आणि शिरकाव झाला आहे असं दिसलंच तर? घाबरून सगळं पुसू नका. यंत्र फॉरमॅट करून 'साफ' करणारे भेटतात. ते पुरावाही साफ करतात. आधी दिसतंय त्याचे फोटो काढा, नोंदी उतरवून घ्या. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले मेल कुणा परक्या पत्त्यावर आपोआप पुढे तर जात नाहीत ना हे पाहा, कारण पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. अनोळखी वापरकर्ते, अनोळखी ॲप्स, प्रोग्रामना दिलेल्या किल्ल्या या सगळ्यांची यादी करून एका झटक्यात बंद करा, सगळीकडून लॉगआउट करा, मग नवा पासवर्ड. क्लाउड कंपनीला तक्रार द्या, कारण कधीकधी चोर तुमच्या खात्यात मोठमोठी यंत्रं चालवून क्रिप्टो चलन बनवतो आणि बिल तुमच्या नावावर येतं. सर्ट-इनला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. खंडणी मागणाऱ्याशी परस्पर मिटवून घेऊ नका. पैसे दिल्यावर त्याने प्रत पुसली की नाही हे तपासायचा कोणताही मार्ग तुमच्याकडे नसतो.

यानंतरचं काम सर्वांत जड: ग्राहकांना सांगणं. मालकाला वाटतं, नाव खराब होईल, लोक दुसऱ्याकडे जातील. छोट्या गावात, एकाच मोहल्ल्यात धंदा असेल तर ही भीती खोटी नाही. पण ज्या बाईचा पासपोर्ट आणि फोटो गेलाय तिला चार दिवस आधी कळलं तर ती बरंच काही वाचवू शकते. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. पॅनवर कुणी कर्ज काढलं का हे क्रेडिट अहवालात कळतं आणि तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. 'मी टूर ऑफिसातून बोलतोय, व्हिसासाठी आणखी पैसे भरा' असा फोन आला तर ती फसणार नाही. आणि जिथे पूर्ण नंबरची गरज नाही तिथे पुढच्या वेळी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधारच देईल.

निरोप कसा असावा? वकिली भाषेत नको, 'काही तांत्रिक कारणांमुळे' असा तर मुळीच नको. असा चालेल: 'अस्सलामु अलैकुम. आमच्या ऑफिसच्या ऑनलाइन खात्यात रविवारी रात्री परक्या माणसाने प्रवेश केल्याचं आज सकाळी लक्षात आलं. त्यात तुमच्या पासपोर्टची प्रत, फोटो आणि मोबाईल नंबर होता. बँकेची माहिती नव्हती. खातं आम्ही बंद केलं आहे आणि तक्रार दिली आहे. आमच्या नावाने पैसे किंवा ओटीपी मागणारा फोन आला तर देऊ नका, आम्हाला विचारा. अजून तपास चालू आहे. नवं काही कळलं तर शुक्रवारी पुन्हा कळवू.' खाली ऑफिसातल्या एका माणसाचं नाव आणि नंबर हवा, आणि तो नंबर त्या दिवशी उचलला गेला पाहिजे.